आधी लोड काढू

साखरपुड्याला ताटं किती सांगायची, हे मुलीच्या बापानं अण्णांना विचारायलाच नको होतं. अण्णांनी खिशातून डायरी काढली. "आधी लोड काढू. दोनशे माणसं म्हणजे दोनशे ताटं नव्हेत, सगळी एकदम जेवत नाहीत. डायव्हर्सिटी धरू, साठ टक्के." वायरिंगमध्ये हे बरोबरच आहे; गिझर, इस्त्री आणि मिक्सर एका वेळी कोण लावतो? पण कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्याला डायव्हर्सिटी नसते. पहिल्याच पंगतीत मेन ट्रिप झाला.

अण्णा कारखान्यात मेन्टेनन्सला होते, आता रिटायर. फाटकाची बिजागरी तुटली तेव्हा वहिनी म्हणाल्या, उद्यमनगरातनं पोरगं बोलवा. "पोरगं कशाला? वेल्डिंग मशीनच घेऊ, गॅरेज रिकामंच आहे. पण आधी लोड काढू."

तेव्हापासून फाटक सुतळीनं बांधलेलं आहे.

कॅटलॉगातले २०० अँपिअर वाचून वहिनी हबकल्या. "अगं, ते रॉडच्या टोकाला, तेही २८ व्होल्टला. ५,६०० वॉट झाले. भिंतीतून २३० व्होल्टला तीसच्या वरच ओढणार." म्हणजे १६ अँपिअरचा सॉकेट बाद. मीटरपासून वेगळी, सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. एमसीबी सी कर्व्ह की डी, यात एक पावसाळा गेला. मग बिलावरचा मंजूर भार वाढवायचा अर्ज. मग ड्युटी सायकल: साठ टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं आराम. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "माझं चाळीस वर्षं शंभर टक्क्यांवर चाललंय."

शेवटी त्यांनीच पोरगं बोलावलं. ते म्हणालं, "अण्णा, बिजागरीला अडीचचा रॉड, ऐंशी अँपिअर. सोळाच्या पिनेवर निघतंय की."

अण्णांनी त्याच्याकडं दयेनं पाहिलं. "आणि उद्या लोखंडी जिना करायचा झाला तर?"

घर बैठं आहे. वर पत्रे.

पोरानं केबल उलगडली. टोकाला पिनच नव्हती. उघड्या तारा काडीनं सॉकेटात खोचायच्या, अर्थची तार छाटून टाकलेली. अण्णांची डायरी मिटली. "आमच्यात एक हेल्पर मशीनला चिकटला होता. त्या मशीनची अर्थिंग कागदावर होती." एवढंच बोलले. मग स्वतःच्या डब्यातला प्लग काढून तिन्ही तारा नीट आवळून दिल्या आणि त्याला परत पाठवलं. बिजागरी राहिली ती राहिलीच.

माणूस डोकं उठवतो, यात वाद नाही. पण गल्लीत कुणाच्या फ्रीजला झिणझिण्या आल्या की रात्री अकराला रबरी चपला घालून, टेस्टर खोचून तोच हजर होतो. पैशांचं काढलं तर चिडतो. परसात कोळसा-मीठ घालून केलेल्या अर्थिंगच्या खड्ड्याला उन्हाळाभर पाणी घालतो. तुळस वहिनींनी बघायची.

वायरिंग आता पुरं झालंय. मशीन नाही. विचारलं तर म्हणतात, "पेन्शनचा लोड काढतोय," आणि विषय बदलतात.

तेव्हा कुणाकडं वेल्डिंग मशीन पडून असेल तर अण्णांकडे घेऊन जा. सॉकेट तयार आहे, अर्थिंग खणखणीत आहे. फक्त मशीनवरची पाटी वाचून जा; पाणी विचारायच्या आधी तेच विचारतील.