पारखी काकी

लग्नाला नवरा-नवरी बघायला जाणारी माणसं वेगळी आणि दागिने बघायला जाणारी वेगळी. मालवणकडे दुसऱ्या जातीची एक तरी काकी प्रत्येक वाडीत असतेच. मंगलाष्टकं संपायच्या आत तिचा पंचनामा आटोपलेला असतो. "गो, ह्यो हार खय केलंस?" म्हणत ती तो हातात घेते, तळहातावर तोलते. मोत्यांचा असला तर कुणाचं लक्ष नाहीसं बघून दातावर घासते. खरा मोती किंचित खरखरतो, काचेचा सुळकन घसरतो. साच्यात दाबलेल्या काचेच्या खड्यावर कडेला बारीक सांधा राहतो. तो तिला चष्म्याशिवाय दिसतो. (शेजारच्या घरची पत्रिका मात्र चष्मा लावूनही वाचता येत नाही.) मग निकाल, तीन रांगांना ऐकू जाईल असा: "बेंटेक्स!"

मुंबईच्या पुतण्याने एकदा तिला पॅरिसच्या ग्रिपुआ घराण्याची गोष्ट सांगितली. 1869 पासूनचा धंदा. काचेची कांडी ज्योतीवर वितळवायची आणि तो रस धातूच्या नाजूक चौकटीत ओतायचा, पाकळी न् पाकळी हाताने. शनेल, दिओर अशी बडी घराणी त्यांची गिऱ्हाइकं. कोको शनेल तर खऱ्या मोत्यांत खोटे मिसळून खुशाल मिरवायची. किंमत ऐकल्यावर काकी म्हणाली, "खोट्याक इतके पैशे? मगे खऱ्याचा काय लोणचा घालूचा?"

काच म्हणजे खोटं, हा कायदा हिरव्या चुड्याला मात्र लागू नाही. तीही काचच, बहुधा फिरोजाबादच्या भट्टीतली; पण तिथे काकी नमस्कार करते. काचेचा कच्चा माल म्हणजे सिलिका वाळू, आणि तिच्या खाणी आपल्याच कासार्ड्याला आहेत, हे पुतण्याने सांगून पाहिलं. जिल्ह्याचा मान राखूनही तिने निकाल बदलला नाही.

तिच्या स्वतःच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ आंगणेवाडीच्या जत्रेतली. खरी सोसायटीत तारण आहे, मुलाच्या होडीच्या इंजिनापायी. वाडीत हे सगळ्यांना ठाऊक. पण ती माळ हातात घेऊन तोलायची छाती अजून कुणाची झालेली नाही.

तेव्हा मालवणात लग्नाला याल तर हार पॅरिसचा असो की जत्रेतला, काकीचा हात पोचायच्या आत "खोटा आहे" म्हणून मोकळे व्हा. पंगतीत ती तुमच्यासाठी शेजारी जागा धरेल आणि सोलकढी दोनदा वाढायला लावेल.