वाघ बघायला उसात या

आमचे दाजी यंदा अमेरिकेला लेकाकडे जाऊन आले आणि येताना एक नवंच वेड घेऊन आले. लेकानं त्यांना चाकांवरच्या घरातून यलोस्टोन दाखवलं. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १८७२ सालचं. गाडीतच स्वयंपाक, गाडीतच संडास, सकाळी दार उघडावं तर समोर बायसन चरताहेत. तेव्हापासून दाजींना कोथरूडच्या फ्लॅटमध्ये झोप लागेना. "आपल्याकडे हे का नाही?" असं विचारत त्यांनी एक कॅराव्हॅन भाड्यानं घेतली आणि बहिणीसकट आमच्या दारात, जुन्नरला, आणून उभी केली.

सरकारचीही याला ना नाही. जुन्नर २०१८ पासून पर्यटन तालुका आहे आणि २०२१ पासून राज्याला कॅराव्हॅन धोरणसुद्धा आहे. त्या धोरणात पाणी, वीज, रस्ता असलेली कॅराव्हॅन पार्कं आहेत. "कुठे आहेत?" दाजींनी विचारलं. म्हटलं, "धोरणात. तिथंच मुक्काम करा."

पहिला मोर्चा भीमाशंकरकडे निघाला. ते राष्ट्रीय उद्यान नसून नुसतं अभयारण्य आहे, हे कळल्यावर दाजी खट्टू झाले. राज्यात राष्ट्रीय उद्यानं सहाच, आणि त्यातलं आम्हाला सगळ्यात जवळचं बोरिवलीत! घोडेगाव सोडून डिंभ्याच्या पुढे वळणं लागली तशी गाडीतली भांडी खाली आली आणि दाजींचा रक्तदाब वर गेला. मूळ आंबेगाव कुठंय, असं त्यांनी मध्येच विचारलं. मी धरणाच्या पाण्याकडे बोट केलं. तालुक्याला नाव देणारं गाव पाण्याखाली आणि धरणाच्या काठावरच्या वाड्यांत उन्हाळ्यात पाण्याची बोंब. दाजींना मात्र गाडीची टाकी भरून घ्यायची होती आणि दुसरी, संडासाची, रिकामी करायची होती. ती कुठं करायची, यावर धोरणाचं काय म्हणणं आहे ते त्यांनी मोबाइलवर बराच वेळ शोधलं.

श्रावण असल्यानं गाड्या वाहनतळावरच अडवल्या होत्या. घर घेऊन आलेले दाजी घर तिथंच ठेवून एसटीत दांडीला लोंबकळत देवळापर्यंत गेले. चालण्याची हौस होती म्हणून मी सुचवलं, की खाली कोकणात खांडसला उतरून शिडी घाटानं वर या. "शिडीला कठडा आहे का?" एवढं विचारून त्यांनी भजी मागवली. ज्याच्यासाठी १९८५ साली हे जंगल राखलं, तो शेकरू तेवढा दिसला. एकेका शेकरूची झाडांवर अनेक घरटी असतात. तरी त्यानं अजून एकाही फांदीवर 'एनए प्लॉट, सेकंड होम' अशी पाटी लावलेली नाही.

परतीला नाणेघाट दाखवला. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांचे बैलांचे तांडे हाच घाट चढून जुन्नरात येत. त्यांनी कुणाकडे प्लग पॉइंट मागितल्याचं तिथल्या शिलालेखात तरी नाही.

"पण वाघ कुठंय?" दाजींची रट सुटेना. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. शेजारचे बाबा हसले. "पाव्हणं, वाघाला जंगलात कशाला जाता? रात्री बाराला आमच्या उसाला पाणी धरायला या. तिकीट नाही, गाईड नाही. बॅटरी मात्र तुमची आणा."

बाबा चेष्टा करत नव्हते. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, ऊस आला. उसात आडोसा, पाटाला पाणी, वस्तीवर कुत्री नि शेळ्या. बिबट्याच्या पिढ्या उसातच जन्मल्या. ज्यांच्या घरातलं माणूस त्यानं नेलं, त्यांच्यापुढे मात्र मी हा लेख वाचून दाखवणार नाही.

खरी कॅराव्हॅन सहल या तालुक्यात करतो तो बिबट्याच. वन खातं पिंजरा लावतं, आत शेळी ठेवतं, पाहुणा आत शिरला की दार पडतं, पिंजरा पिकअपवर चढतो आणि स्वारी माणिकडोहच्या निवारा केंद्रात. जेवण खात्याचं. तिथले काही तर पुढे जामनगरच्या वनतारापर्यंत जाऊन आलेत, म्हणजे गेलेत. आलेला कुणी नाही.

त्या रात्री दाजींनी एसीसाठी आमच्या घरातून वायर ओढली. गाडीची दारं आतून बंद, वर कुलूप. बाबा त्याच वेळी खांद्यावर फावडं टाकून मोटारीकडे निघाले, कारण त्या आठवड्यात शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची होती.

तेव्हा सरकारला एवढीच विनंती: कॅराव्हॅन पार्कात पहिला प्लग बसवण्याआधी बिबट्याच्या पट्ट्यातल्या प्रत्येक पंपाला बारा महिने दिवसा वीज द्या. एसी बंद पडला तर दाजींना वारा आम्ही घालू.