फिरत्या चकरीवरचे घरगुती उपाय (नवशिक्यांसाठी)

शेवटची ओव्हर, हव्यात 11 धावा. गोलंदाज धावत येतो, उडी घेतो आणि हवेतच थांबतो. त्याच्या छातीवर पांढरी चकरी फिरू लागते. अशा वेळी रिमोट आपटू नये. खालील पायऱ्या क्रमाने कराव्यात.

1. आरोपी ठरवा. प्रथेप्रमाणे पहिला आरोपी इंटरनेट कंपनी. पण फोन लावण्याआधी फायबर जिथे जोडली आहे त्या डबीकडे बघा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल, तर फायबरमधून प्रकाशच पोहोचत नाही. बिनधास्त फोन करा, आवाजही चढवा. दिवा लाल नसेल, तर आरोपी बहुधा घरातलाच आहे. सर्वांना बसवून ठेवा.

2. बंद करून चालू करा. राउटरचा स्विच बंद करून अर्धं मिनिट थांबा. अर्धं मिनिट म्हणजे 'हो, झालं की' म्हणेपर्यंत नव्हे. चालू केल्यावर दिवे स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात घरातल्या प्रत्येकाने एकदा 'आलं का?' असं विचारायचं असतं. उत्तर देणं बंधनकारक नाही.

3. मोजा. फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि वायफायवर स्पीड टेस्ट घ्या: एकदा राउटरशेजारी उभं राहून, एकदा टीव्हीसमोर. तिथे 90 आणि इथे 3 आले, तर वेग वाटेतल्या भिंतींनी खाल्ला. इथे कुणीतरी 'मोठा प्लॅन घेऊ या' असं सुचवेल. त्यांना चहा टाकायला पाठवा. नेटफ्लिक्सला फुल एचडीसाठी 5 आणि फोर-केसाठी 15 एमबीपीएस पुरतात. प्लॅन वाढवल्याने भिंत पातळ होत नाही.

4. राउटर शोधा. ही पायरी सोपी समजू नये. राउटर दिसला की हॉलची शोभा जाते, म्हणून तो चपलांच्या कपाटात, शोकेसमधल्या ट्रॉफ्यांमागे किंवा टीव्हीच्या मागच्या फटीत असतो. वर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल. वायफायच्या लहरींना लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि फिश टँक यांतून वाट काढणं जड जातं. राउटर उंचावर, मोकळ्यावर, घराच्या मध्याजवळ ठेवा. रुमाल काढा. 'पाहुणे आल्यावर काय दिसेल?' या प्रश्नाला 'सामना' असं उत्तर द्या.

5. बँड निवडा. बहुतेक राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन बँड देतात. 2.4 भिंती ओलांडून लांब जातो, पण त्याच्यावर अख्ख्या इमारतीची गर्दी. मायक्रोवेव्हही तिथेच, 2.45च्या आसपास चालतो. कालची आमटी गरम होताना चित्र अडकतं ते उगाच नव्हे. 5 वेगवान, पण दोन भिंती आडव्या आल्या की दमतो. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर 5 घ्या. 2.4वरच राहावं लागलं, तर राउटरच्या सेटिंगमध्ये 1, 6, 11 यांपैकी कमी गर्दीचं चॅनेल निवडा. हे तिन्ही एकमेकांवर चढत नाहीत, असं वागणं सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहसा दिसत नाही.

6. वायर टाका. खरा इलाज हाच, म्हणून तो सगळ्यांत शेवटी सुचवतात. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल ओढली की भिंत, आमटी आणि शेजारी एकदम निर्दोष सुटतात. ही केबल 100 मीटरपर्यंत चालते. घर त्याहून लांब असेल, तर ही कामं तुम्ही स्वतः करत नसालच. अनेक टीव्हींचं लॅन पोर्ट 100 एमबीपीएसच्या वर जात नाही, पण 15 मागणाऱ्याला ते भरपूर आहे. खरी अडचण 'आत्ताच रंग काढलाय' ही. केबल स्कर्टिंगच्या कडेने, पांढऱ्या क्लिपा मारून न्या आणि हे काम घरात कुणी नसताना उरका.

7. आता सामना बघा. चित्र स्वच्छ, चकरी गायब. गोलंदाज धावत येतो आणि त्याची उडी पडायच्या आत शेजारच्या घरातून 'आऊट!' अशी आरोळी येते. घाबरू नका, वायफाय ठीक आहे. शेजाऱ्यांकडे डिश आहे, आणि स्ट्रीमिंगवरचं थेट प्रक्षेपण सहसा डिशच्या काही सेकंद मागे असतं. राउटर हलवून हे सुधारत नाही. खिडकी लावून घ्या.