हाताखालची माणसे

नाशिकला सातपूर-अंबडच्या वसाहतींत लोखंड कापणाऱ्या कारागिरांची परंपरा जुनी असली, तरी गेल्या काही वर्षांत शहरातल्या काचेच्या इमारतींतून एक निराळाच कारागीरवर्ग उदयास आला असून, मोबाईलच्या पडद्यावर कोणते बटण कोठे असावे, ते दाबण्यासाठी माणसाचा अंगठा किती लांबावा आणि दाबल्यावर त्याचा जीव भांड्यात पडावा की टांगणीस लागावा, याचा निर्णय करणे हा त्या वर्गाचा व्यवसाय होय. या वर्गातला जो गृहस्थ आपल्या कामात विशेष निष्णात निघतो, त्याच्यावर एके दिवशी कंपनी प्रसन्न होते आणि बक्षीस म्हणून त्याला त्या कामापासून कायमचे दूर करते. अशा बक्षीसपात्र गृहस्थांच्या एका प्रतिनिधीला आपण सोयीसाठी कारभारी म्हणू.

कारभाऱ्यांचे पूर्वायुष्य खरोखर वैभवाचे होते. कांद्याच्या लिलावाचे भाव दाखवणारे एक अ‍ॅप त्यांच्याकडे आले, तेव्हा वातानुकूलित खोलीत सर्वांना मनोहर वाटलेली फिकट करडी अक्षरे घेऊन ते लासलगावच्या बाजार समितीत, ट्रॅक्टरांच्या रांगेत, वैशाखाच्या उन्हात जाऊन उभे राहिले. तेथे एका शेतकऱ्याने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, टोपी काढून तिच्या सावलीत धरला आणि "साहेब, हा बंद पडलाय," असा निकाल देऊन तो परत केला. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान 4.5 : 1 असे प्रमाण असावे, हा सर्वमान्य दंडक कारभाऱ्यांना मुखोद्गत होता, त्या टोपीच्या सावलीत तो त्यांच्या हाडांत शिरला. त्याच रात्री त्यांनी अक्षरे काळीभोर केली, मातीने भरलेल्या अंगठ्यांसाठी बटणे दुपटीने वाढवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लासलगावची एसटी धरली. ऑफिसातली पोरे तेव्हा त्यांना 'दादा' म्हणत.

हुद्दा मिळताच पोरे 'सर' म्हणू लागली. "अरे, दादाच म्हणा," अशी त्यांनी मोठ्या मनाने ताकीद दिली. परिणामी अलीकडे त्यांना 'दादासर' असे संबोधण्यात येते.

घरी पेढे निघाले. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, म्हणजे 1928 पासून नोटा छापणाऱ्या सरकारी मुद्रणालयात, हयात घालवून सेवानिवृत्त झालेल्या वडिलांनी पगाराची चौकशी न करता हुद्द्याचे अस्सल नाशिकरोडी माप लावले.

"हाताखाली किती माणसं?"

"सहा."

"मग आता तू कशाला हात लावायचा नाहीस."

उपदेश शंभर नंबरी होता. कारभाऱ्यांनी तो तत्त्वतः मान्यही केला. परंतु ज्याचे वीस वर्षांचे सारे शहाणपण बोटांच्या टोकांत साठलेले आहे, त्याने हाताची घडी घालून बसावे म्हणजे काय, हे वडिलांच्या प्रेसमध्ये कोणी कोणाला शिकवले नव्हते आणि कारभाऱ्यांच्या कंपनीतही कोणी शिकवले नाही. एखादी नवशिकी मुलगी आपला पडदा दाखवावयास आणते. कारभारी तो आपादमस्तक न्याहाळतात, "वा! उत्तम! फक्त..." एवढेच म्हणतात, आणि त्या 'फक्त'च्या पाठोपाठ माऊस तिच्या हातून त्यांच्या हाती केव्हा सरकतो, हे उभयतांच्या ध्यानातही येत नाही. तासाभराने ती मुलगी खुर्चीवर बसलेली नसून खुर्चीमागे उभी असते.

रात्री तर विचारूच नका. पूर्वीचे सुभेदार वेषांतर करून शहरात फिरत असे म्हणतात. पण फिग्मा नामक ज्या आयुधावर ही मंडळी पडदे आखतात, त्यात वेषांतराची सोयच नाही. तेथे प्रत्येकाचा बाण त्याच्या नावाची पाटी मिरवीत हिंडतो. दीड वाजता कारभाऱ्यांच्या नावाचा बाण चित्रांवरून दबकत चाललेला, एका चिन्हाजवळ थबकलेला, आणि ते दोन पिक्सेल डावीकडे ढकलून घाईने पसार झालेला साऱ्या चमूने आपापल्या अंथरुणातून पाहिला आहे. आता पोरेच शहाणी झाली असून, प्रत्येक पडद्यावर एखादे चिन्ह मुद्दाम तिरपे ठेवतात. या प्रथेला ती नैवेद्य म्हणतात. नैवेद्य ठेवला, की बाकीचे पान शिवले जात नाही.

परक्या शेतकऱ्याचा अंगठा ज्यांनी इतक्या मायेने ओळखला, त्यांना खुर्चीमागे उभ्या असलेल्या मुलीचा चेहरा वाचता येऊ नये, याचे आम्हांस फार दिवस नवल वाटे. वास्तविक त्यांनी प्रयत्नात कसूर केलेली नाही. चमूचे मन जाणण्यासाठी त्यांनी शास्त्रोक्त प्रश्नावली काढली. तीत 'रजेचा अर्ज करताना आपणांस कितपत समाधान लाभले?' असा एक प्रश्न होता आणि उत्तरादाखल एक ते पाच तारे होते. सहाही जणांनी पाच तारे दिले. माणूस तोंडाने सांगतो ते ऐकू नये, त्याचा हात कोठे अडखळतो ते पाहावे, असे या विषयावरच्या आपल्या प्रत्येक व्याख्यानात बजावणाऱ्या कारभाऱ्यांनी ते तीस तारे चौकटीत बसवून भिंतीवर लावले!

या दुखण्याला नाशिकात थोर पूर्वज आहे. त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी लिहिण्या-रचण्यापासून फिल्म धुण्यापर्यंत सर्वत्र स्वतःचा हात फिरवला. पुढे 1918 मध्ये भांडवलवाले भागीदार मिळून येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली, आणि मग कारभार म्हणजे काय यावर त्यांचे भागीदारांशी असे बिनसले की हा पुरुष सहकुटुंब काशीस निघून गेला. तेथे त्याने 'रंगभूमी' हे नाटक लिहिले आणि 1922 मध्ये तो चित्रे काढण्यासाठी पुन्हा याच कंपनीत आला.

कारभाऱ्यांना काशी परवडणारी नव्हती. इंदिरानगरच्या फ्लॅटचे हप्ते चालू होते. म्हणून मागील महिन्यात त्यांनी, हुद्दा काढून घ्यावा व आपणांस पूर्ववत आखणीच्या कामी तैनात करावे, असा अर्ज करण्याचे ठरवले आणि त्यासाठी कंपनीचे मनुष्यबळ खात्याचे पोर्टल उघडले. अर्जाचा रकाना सापडेना. सापडला तेव्हा त्यात मजकूर मावेना, आणि 'सादर करा' हे बटण तर फिकट करड्या रंगात होते. कारभाऱ्यांचे रक्त खवळले. अर्ज बाजूस ठेवून त्यांनी दोन रात्रींत पोर्टलच्या अपराधांची सविस्तर कैफियत, सुधारलेल्या पडद्यांच्या नमुन्यांसह, थेट वरिष्ठांकडे रवाना केली. तिची तातडीने दखल घेण्यात आली. पोर्टलच्या जीर्णोद्धाराचा कारभार त्यांच्याकडे सोपवण्यात आला असून, त्यासाठी त्यांच्या हाताखाली आणखी दोन माणसे देण्यात आली आहेत.