पेशींचा भाव

बोरी अरबात वाढलेल्या माणसाला सिंगापुरात जाऊन डेंग्यू व्हावा, ही बातमी आमच्या गावानं आधी अपमान म्हणून घेतली आणि मग काळजी केली. "इथल्या मच्छरांत काय कमी होतं गा?" हे काकांचं फोनवरचं पहिलं वाक्य. प्रश्न रास्त होता. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव अडाण नदीच्या काठावर. नदी आटली की डबकी उरतात. नळाचा भरवसा नाही म्हणून घरोघरी ड्रम आणि रांजण भरून ठेवलेले, आणि उन्हाळा सरला तरी कूलरच्या टाकीत पाणी तसंच. इतक्या सोयी गावात असताना डेंग्यूसाठी विमानाचं तिकीट काढायची गरज नव्हती, असं एकंदर मत पडलं.

मी सांगून पाहिलं की २०२२ साली सिंगापुरात डेंग्यूचे ३२ हजारांवर रुग्ण झाले, आणि २०२० साली तर आकडा ३५ हजारांच्या पुढे गेला होता. काकांना ते पटेना. "थुंकायले जिथं बंदी, तिथं मच्छराले चावायची परवानगी कशी काय?"

खरं तर स्वच्छतेचा आणि या डासाचा चांगला सलोखा आहे. गटारात वाढणारे डास वेगळे. डेंग्यूवाली एडिस डासीण सोवळ्यातली. तिला अंडी घालायला स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं आणि ती चावते दिवसाउजेडी. कुंडीखालची ताटली, फुलदाणी, एसीचं ठिबकणारं पाणी, एवढ्यावर तिचा संसार उभा राहतो. त्यामुळे बोरीचा रांजण आणि सिंगापूरची फुलदाणी ती सारख्याच मायेनं वापरते.

ताप चढला तेव्हा मात्र विनोद सुचत नव्हता. डोळा नुसता फिरवला तरी खोबणीच्या मागून कळ यायची. कुठली हाडं दुखत नाहीत ते शोधावं लागत होतं. डॉक्टरीणबाईंनी रक्त पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "डेंग्यू आहे. पॅरासिटामॉल घ्या, भरपूर पाणी प्या, रोज रक्त तपासा. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन अजिबात नको, रक्तस्राव होऊ शकतो."

"आणि औषध?"

"औषध नाही."

हे दोन शब्द मी गावी कळवायला नको होते, असं बायकोचं आजही म्हणणं आहे. डॉक्टरकडे औषध नाही म्हटल्यावर मैदान मोकळं झालं.

त्याआधी सरकार येऊन गेलं. सिंगापुरात डेंग्यूचा रुग्ण कळवणं डॉक्टरांवर कायद्यानं बंधनकारक आहे. दीडशे मीटरच्या आत चौदा दिवसांत दोन रुग्ण निघाले की तो भाग 'क्लस्टर' होतो आणि रस्त्यावर फलक लागतो. दहापेक्षा कमी रुग्ण असतील तर पिवळा, दहा किंवा जास्त असतील तर लाल. आमच्या वसाहतीत पिवळा लागला. मग गणवेशातली दोन माणसं टॉर्च घेऊन दारात. मी सोफ्यावर गोधडी पांघरून पडलेलो. त्यांनी माझ्याकडे पाहून सभ्यपणे मान हलवली आणि थेट तुळशीकडे गेले.

कुंडीखालची ताटली उचलून पाहिली. ती कोरडी होती. फ्रिजच्या मागं, न्हाणीघरात, खिडकीतल्या बांबूच्या नळ्यांत, सगळीकडे उजेड पाडून झाला. शेवटी देवघराशी थांबून तांब्याच्या कलशात टॉर्च मारला. पाण्यात आळ्या सापडल्या तर घरमालकाला दोनशे डॉलर दंड होतो, हे बायकोला ठाऊक होतं.

"हे पाणी कधी बदलता?"

"रोज सकाळी," ती म्हणाली.

"रोज?"

"आंघोळ झाल्यावर."

पाणी रोज बदलायला लावणारा धर्म त्या माणसाला मनापासून आवडलेला दिसला. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, पत्रक दिलं आणि दोघं शेजारच्या दाराकडे वळले. आमच्या मजल्याच्या व्हरांड्यात काळा डबा ठेवलेला असतो. आत गवत भिजवलेलं पाणी आणि भिंतीला चिकट थर, म्हणजे अंडी घालायला आलेली डासीण तिथंच चिकटावी. काही वसाहतींत तर सरकार २०१६ पासून स्वतःच डास सोडतं. हे सगळे नर, वोल्बाकिया नावाचा जिवाणू अंगात घातलेले. ते चावत नाहीत, आणि त्यांच्याशी जोडी जमवलेल्या मादीची अंडी उबत नाहीत. काकांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सरकारले मच्छर पायजे होते तं आमच्याकडून न्यायचे ना. फुकट देले असते."

थोडक्यात, सिंगापुरात डासाची कसून चौकशी झाली. रोग्याची चौकशी बोरीनं केली.

गाव अडीच तास मागं असल्यामुळे मी झोपायला टेकलो की तिकडे चौकशीची वेळ सुरू व्हायची. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "पेशी किती?" प्लेटलेट हा शब्द कोणी उच्चारत नसे. निरोगी माणसात त्या मायक्रोलिटरला दीड लाखांवर असतात. माझ्या रोज घसरत होत्या, आणि तो आकडा बसस्टँडवरच्या पानठेल्यावर कापसाच्या भावासारखा रोज फुटत होता. त्या हंगामात कापसानं क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडलेला, त्यामुळे गाव आकड्यांच्या बाबतीत आधीच हुशारीत होतं. कालचा किती, आजचा किती, दारव्ह्याच्या कोणाचा किती पडला होता, सगळं तोंडपाठ. ७२ हजारांवर आल्यावर मोठी आई रडली. ४८ हजार ऐकून काकांनी मात्र मला अनुभवाचा सल्ला दिला, "घाबरून जाऊ नोको. थांबला तं वाढते."

उपाय येऊ लागले. आईचा पपईच्या पानांचा रस, काकांचं शेळीचं दूध, मोठ्या आईची गुळवेल, पुण्यातल्या मामेभावाची किवी. पपईच्या पानांवर थोडेफार अभ्यास झालेत, पण डॉक्टरीणबाईंच्या नियमावलीत त्यांना जागा नव्हती. आईच्या नियमावलीत डॉक्टरीणबाईंना नव्हती. त्यात शेजारच्या चिनी आजीबाई झाकणाचा डबा घेऊन आल्या. सिंगापूर-मलेशियाकडे डेंग्यूवर खेकड्याचं सूप देतात, आणि त्यांनी ते पहाटे उठून केलं होतं. आमचं घर माळकरी. आईला विचारल्याशिवाय डबा उघडायची बायकोची हिंमत होईना.

"खेकडा?" आई म्हणाली. मग लांबलचक शांतता. "त्यानं पेशी वाढते का पण?"

"वाढतात म्हणे."

"तिकडचाच आहे ना खेकडा?"

"तिकडचाच."

"मंग चालते."

एक दिवस ताप उतरला. आईनं मारुतीला नारळ फोडला. इकडे डॉक्टरीणबाई अधिकच गंभीर. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस खरे धोक्याचे. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बाहेर जातं, रक्त घट्ट होतं. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर थेट दवाखाना गाठायचा. पेशींच्या आकड्यापेक्षा अंगातल्या पाण्याकडे लक्ष द्या, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी आईला हे सांगितलं नाही. नारळ परत जोडता येत नाही.

ते दिवस निभावले आणि पेशी वर चढू लागल्या. ६२ हजार, मग ९५, मग लाखाच्या पुढे. तिथून श्रेयाचा खटला सुरू झाला. हा आजार बहुतेकांत आठवड्या-दीड आठवड्यात शरीर स्वतःच उलथवून लावतं, आणि पेशी आपल्या आपण परत येतात. म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्ही काहीही सुरू करा, ते लागू पडतंच. डेंग्यूइतका दिलदार रोग नाही. तो सगळ्या वैद्यांना एकाच दिवशी यश देतो. आईच्या मते पपई, चिनी आजीबाईंच्या मते खेकडा, मामेभावाच्या मते किवी. शेळीचं दूध मला सिंगापुरात मिळालंच नव्हतं, तरी काका म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, थांबला तं वाढते?" आणि सगळ्यांत अचूक निदान त्यांचंच होतं.

बरं होणं मात्र आजारापेक्षा लांबलं. आंघोळ करून आलो की विश्रांती लागे. तळहात-तळपाय खाजायला लागले, तेव्हा आई आनंदली, "उजवा खाजते का? पैसा येते." रक्त तपासण्यांचं बिल आलं. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी केस गळायला लागले, तेही या तापाचंच लेणं, नंतर भरून येतात. तोंडाला चव नव्हती, म्हणून लिटल इंडियातून ज्वारी आणून घरी कण्या शिजवायचा बेत ठरला. आईला ते फोनवर सांगून भागेना. "मोबाईल गंजात दाखव," ती म्हणाली. बायकोनं फोन गंजावर धरला, वाफेनं कॅमेरा धुरकटला, आणि त्या धुक्यातून बोरीचा आवाज आला, "पाणी कमी आहे. अजून घाल. ढवळ, बुडाले लागून राह्यलं." बुडाला खरंच लागत होतं. तिला ते आवाजावरून कळलं म्हणे. ताक घालून दोन वाट्या खाल्ल्या, आणि मग पेशी तपासायची मला गरज वाटली नाही. गावाला वाटली.

पुढच्या वेळी बोरीला गेलो तेव्हा मी पारावर शास्त्र समजावून सांगितलं. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एक होऊन गेला की त्याच्यापुरतं जन्मभराचं संरक्षण, पण दुसरा प्रकार झाला तर तो जास्त त्रास देऊ शकतो.

काकांनी हिशेब केला. "म्हणजे अजून तीन बाकी."

आईनं तो हिशेब मनावर घेतला आणि अंगणात पपईची तीन रोपं लावली, एकेका डेंग्यूला एकेक. त्यांना उन्हाळ्यात पाणी कमी पडू नये म्हणून बाजूला एक मोठा ड्रम भरून ठेवला. पावसाळ्यात आशाताई घरोघरी पाणी तपासत आल्या, झाकण काढून त्यांनी बॅटरी मारली आणि आत वळवळणाऱ्या आळ्या आईला दाखवल्या.

"हे पाणी सांडू नोको वं," आई म्हणाली. "माह्या पोराच्या डेंग्यूसाठी ठेवलं आहे."

"दिसून राह्यलं, काकू," आशाताई म्हणाल्या, आणि त्यांनी ड्रम पालथा केला.