चेंबरचा नट आणि कशेडीचा घाट

गणपतीला मुंबईहून कोकणात गाडी काढायची म्हटली की आदल्या दिवशी घरातला प्रत्येक जण काही ना काही आठवण करून देतो. आरतीचं पुस्तक, उलटीच्या गोळ्या, काकूंनी मागवलेला चितळ्यांचा डबा, आणि या सगळ्यांच्या वरताण, बहुधा गाडी न चालवणाऱ्या माणसाकडून येणारा प्रश्न : “ऑइल बदलून घेतलंस ना?” या प्रश्नाला मान डोलावली नाही तर तुम्ही कुटुंबाच्या जिवाशी खेळणारे ठरता. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ऑइल बदलायला प्रवासाच्या आदल्या दिवसाइतका वाईट मुहूर्त अख्ख्या पंचांगात नाही. हे मी कुठल्या अधिकाराने म्हणतो, असं कुणी विचारलं तर उत्तर लाजिरवाणं आहे. माझी यांत्रिक पात्रता बॉनेट उघडून त्याला काडी लावण्यापर्यंतच आहे, आणि ती काडीही पहिल्या झटक्यात योग्य भोकात बसत नाही. पण गाडीबरोबर आलेलं पुस्तक मी वाचतो. हा दोष समाजात फारसा आढळत नसल्यामुळे त्याला ज्ञान समजलं जातं.

मुळात ऑइल बदलायचा निर्णय होतो कसा ते बघा. गॅरेजमधला मेस्त्री ऑइल मोजायची पट्टी ओढून काढतो, तिच्या टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतो, नाकाशी नेतो, नाडी बघून झालेल्या वैद्यासारखा दूर कुठेतरी पाहतो आणि म्हणतो, “काळं पडलंय.” झालं! गिऱ्हाइकाचा चेहराही तसाच पडतो. वास्तविक इंजिन ऑइलमध्ये साबणासारखी काम करणारी रसायनं मुद्दाम घातलेली असतात. इंजिनातली काजळी धुऊन काढून स्वतःत तरंगत ठेवायची, हीच त्यांची नोकरी. डिझेल गाडीत तर नवंकोरं ऑइल काही दिवसांतच शाईसारखं दिसू लागतं. ऑइल काळं पडलं म्हणून टाकून देणं म्हणजे पोछा मळला म्हणून लादी पुसणाऱ्या बाईंना कामावरून काढण्यासारखं आहे. भीती वाटायला हवी ती चहात दूध घातल्यासारख्या रंगाची. तिथे पाणी आत शिरल्याचा, हेड गॅसकेट गेल्याचा संशय घ्यावा. आणि बघायची असते पातळी : गाडी सपाटीला, इंजिन बंद करून काही मिनिटं झालेली, पट्टी एकदा पुसून, परत घालून, दुसऱ्यांदा काढलेली. पहिल्यांदा ओढलेल्या पट्टीवर ऑइल वरपर्यंत माखलेलं असतं आणि ती खोटी साक्ष देते. आपल्याकडे नव्वद टक्के निदान या पहिल्या साक्षीवरच होतं. (हा नव्वदचा आकडा माझ्या चिडचिडीतून आलाय, तो कुठे वापरू नये.)

आता ऑइल बदलताना नक्की काय बदलतं? कागदावर तीन-साडेतीन लिटर द्रव. प्रत्यक्षात गाडीच्या पोटाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, म्हणजे चेंबरचा, एक नट, त्याचा वायसर आणि फिल्टरची रबरी रिंग. काल संध्याकाळपर्यंत या तिघांनी हजारो किलोमीटर एक थेंब न सांडता काढलेले असतात. तुम्ही त्यांना उठवता आणि त्यांच्या जागी अजून पाच किलोमीटरही न तपासलेली मंडळी बसवून पाचशे किलोमीटरला निघता. जुना वायसर उलटा करून परत बसवलेला असू शकतो. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनालाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसते. मग दोन रिंगांचा संसार ऑइलचा दाब वाढला की फाटतो. चेंबर बऱ्याच गाड्यांत अॅल्युमिनियमचं, आणि नटावर पाना लावणारा हात तरणाबांड. त्याने ‘फिट’ केला की आटे जातात, घाबरून सैल ठेवला की रस्त्यात नट जातो. शिवाय डबा साडेतीन लिटरचा आणि इंजिनाची भूक तीन-सव्वातीनची. मग उरलेल्याचं काय? “पैसे दिलेत ना साहेब, घालून टाकू.” जास्त झालेलं ऑइल फिरत्या क्रँकच्या तडाख्यात सापडून त्याचं ताक होतं, आणि ऑइल पंपाला ताकातली हवा ढकलता येत नाही. यातला दोष मी मेस्त्रीच्या माथी मारणार नाही. चतुर्थीच्या आदल्या रात्री त्याच्या दारात गाड्यांची रांग असते. प्रत्येकाला पहाटे चारला निघायचं असतं, आणि ज्याला घरी जायला सुट्टी मिळालेली नाही असा एक पोरगा पुठ्ठ्यावर पाठ टेकून एकामागून एक गाडीखाली सरकत असतो. गरम ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत असतं. अशा वेळी एखादा नट अर्धा फेरा कमी बसला, तर तो अर्धा फेरा आपल्या घाईने खाल्लेला असतो.

मग प्रवास सुरू होतो. पेणला गणपतीच्या कार्यशाळा दिसतात. कोलाडला कुंडलिका दिसते. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं होतं, ही माहिती प्रत्येक खड्डा स्वतःच देतो. आणि खड्ड्यागणिक तो अर्धा फेरा कमी बसलेला नट आणखी थोडा मोकळा होतो. सपाटीवर काही कळत नाही. चेंबरमधलं ऑइल कमी झालं तरी पंपाच्या तोंडाशी पुरेसं असतं. चढ आणि वळण एकत्र आलं की ते एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि डॅशबोर्डवर लाल रंगाची छोटी किटली पेटते. पोलादपूर सोडून कशेडीकडे चढताना ती पेटावी, हे अगदी शास्त्राला धरून आहे. पुढे आता बोगदा आहे, पण बोगद्यापर्यंत पोहोचायचं कसं हा प्रश्न आहे. इथे गाडीत परिसंवाद भरतो. मागच्या सीटवरून मत येतं की सेन्सर खराब असेल. पुढून येतं की हळूहळू नेऊ, खेडला दाखवू. मोबाइलवरून रत्नागिरीचे भाऊजी म्हणतात, दिवा वळणावर लागतो आणि सरळ रस्त्यावर विझतो म्हणजे लूज कनेक्शन. तो लाल दिवा पातळीचा नसून दाबाचा आहे, हे या परिसंवादात कुणालाच ठाऊक नसतं. दाब नाही म्हणजे बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधला ऑइलचा पडदा गेला आणि धातूवर धातू घासायला लागला. तिथून पुढचा हिशेब किलोमीटरात होत नाही, मिनिटांत होतो. गाडी कडेला घेऊन किल्ली बंद करणं, एवढंच करण्यासारखं उरतं. गळतीचा स्वभाव मात्र राजापूरच्या गंगेसारखा. तिच्या मनात असेल तेव्हा प्रकटते, आणि दाखवायला मेस्त्री आणला की कुंडं कोरडी.

रस्त्याकडेच्या गॅरेजात मिळणारा सल्ला ही या प्रवासातली खरी प्रेक्षणीय गोष्ट. “पातळ ऑइल घातलंय, आपल्या हवेला जाड पाहिजे.” “डिझेल टाकून एकदा इंजिन धुऊन घेऊ.” आणि दोन्ही जमलं नाही तर, “हाफ इंजिन करावं लागेल.” चार थेंबांच्या गळतीवर इंजिन खोलून हाफ इंजिन करणं म्हणजे नळाचा वायसर गेला म्हणून बाथरूम पाडणं. जाड ऑइलचा मुद्दा वरवर पटतो, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. डब्यावर 5डब्ल्यू-30 लिहिलेलं असतं, त्यातलं डब्ल्यू हिवाळ्याचं. पहिला आकडा थंड इंजिन सुरू होतानाचा, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या जाडीचा. बाहेर नागपूरचा मे असो की महाबळेश्वरचा डिसेंबर, तापलेल्या इंजिनातलं पाणी थर्मोस्टॅट नव्वद अंशांच्या आसपास धरून ठेवतो. ‘आपली हवा’ आत फारशी पोहोचतच नाही. आणि ग्रेड सांगणारं ते पुस्तक याच देशात विकलेल्या गाडीसाठी छापलेलं असतं. “पण मेस्त्रीचा वीस वर्षांचा अनुभव?” तो मला मान्य आहे, आदरासह. चाकाचं बेअरिंग नुसत्या आवाजावरून ओळखणारा कान मी विकत घेऊ शकत नाही. पण बेअरिंग बोलतं, ऑइल बोलत नाही. चिमटीत धरून त्याचं आयुष्य सांगणं हा अनुभव नव्हे, ते ज्योतिष आहे. आणि ज्योतिष्याप्रमाणेच इथेही शांतीचं सामान त्याच्याच दुकानात मिळतं.

मग काय ऑइल बदलायचंच नाही? असं कोण म्हणतं? आजच्या बऱ्याचशा पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं पुस्तक सांगतं. धूळ आणि सततची रहदारी असेल तर त्याहून लवकर. ही शेवटची अट वाचली की गंमत कळते. ऑइलचे खरे हाल सायन ते अंधेरी करताना होतात, थांबत-थांबत, पहिल्या गिअरमध्ये. मोकळ्या रस्त्यावर एका लयीत पळणं ही इंजिनाची सुट्टी आहे. जो बारा महिने हमाली करत होता त्याला सुट्टीला निघताना आपण ऑपरेशन टेबलावर झोपवतो. मुदत भरत आली असेल तर तीन आठवडे आधी बदला, रोजच्या धावपळीत दोनेकशे किलोमीटर होऊ द्या, रात्री गाडीखाली जुना पेपर पसरून सकाळी त्यावर ठिपका पडलाय का ते बघा, पट्टी पुसून पातळी तपासा. रिकामा डबा गॅरेजात सोडायचा असेल तर आधी त्याला भोक पाडा, नाहीतर त्यात सुटं ऑइल भरून तो पुन्हा ‘कंपनी सील’ म्हणून तुमच्याच पुढ्यात येईल. मुदत बाकी असेल तर त्याच ग्रेडचा एक लिटर डिकीत टाका आणि निघा.

काढलेल्या काळ्या ऑइलचं पुढे काय होतं हे कुणी विचारत नाही. कायद्याने तो घातक कचरा आहे. पण गावाकडे एखादा कॅन आला की फुकट जात नाही. सेंटरिंगवाला प्लेटांना फासतो, आणि कुणी वाळवी लागू नये म्हणून बेड्याच्या, म्हणजे अंगणाच्या फाटकाच्या, खांबांना. गाडी अखेर टोइंगवाल्याच्या मागे बांधून घरी पोहोचते तेव्हा काका ब्रश घेऊन अंगणात बसलेले असतात, खांब अर्धा रंगवून झालेला असतो, आणि ते मान वर न करता विचारतात, “ऑइल बदलून निघाला होतास ना?”