भिडे पुलावरून: गतिवाचक शब्दांचे एक पुणेरी विवेचन

इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात पत्ता सांगणारा माणूस फार सभ्य असतो. तो स्वतः वाक्यात कुठेच नसतो. चालणाऱ्याला 'पास्ट', 'अक्रॉस', 'थ्रू' करत बँकेच्या दारात नेऊन सोडतो. हे व्याकरण पुण्यात का चालत नाही, याचा शास्त्रशुद्ध विचार झालेला आमच्या पाहण्यात नाही.

दूर जाण्याच्या क्रियेत जे ध्रुव राहते ते अपादान, असे पाणिनी सांगतो. पुण्यात ते ध्रुव म्हणजे सांगणारा स्वतः. लकडी पूल घ्या. (१७६१ सालचा हा पूल आता लाकडाचा नाही आणि कागदोपत्री संभाजी पूल आहे; पण ते असो.) डेक्कनवरचा माणूस 'पुलाच्या अलीकडे' म्हणाला तर दुकान डेक्कनला, सदाशिव पेठेतला म्हणाला तर अलका टॉकीजला. फोनवर विचारणारा कुठे उभा आहे, हा मुद्दा दोघांच्याही लेखी गौण. 'तुम्ही आत्ता कुठे आहात?' असे कुणी विचारलेच, तर तो बाहेरगावचा समजावा.

'वरून'चे प्रकरण अधिक गहन आहे. बाबा भिडे पूल इतका ठेंगणा, की खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढला की तो पाण्याखाली जातो. 'भिडे पुलावरून या' हे मे महिन्यातले निर्दोष वाक्य ऑगस्टात पोहण्याचे आमंत्रण ठरू शकते. म्हणजे इथे 'ओव्हर' की 'थ्रू', हे पाटबंधारे खाते ठरवते. अन्य कुठल्या भाषेने हे खाते व्याकरणात घेतले असल्यास कळवावे.

'तुळशीबागेतून' म्हणजे एकीकडून शिरून दुसरीकडे निघणे. व्यवहारात शिरणे तेवढे निश्चित.

क्रियापदांत मानापमान आहे. लेफ्ट पाहुण्याने 'घ्यावा', मित्राने 'मारावा'. यू-टर्न मात्र कुणी सभ्यपणे घेतल्याचे दिसत नाही.

आता पूर्वपक्ष. मोबाइलमधला नकाशा 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' म्हणतो. त्याला ना घर, ना पेठ, ना मत. जाणकार पुणेकराला हे सहन होत नाही. नकाशात डोके घालून उभ्या असलेल्या माणसापाशी तो आपणहून जातो, पडद्यावरच्या निळ्या रेषेकडे दयेने पाहतो आणि म्हणतो, "तिकडनं कशाला? पत्र्या मारुतीच्या अलीकडनं जा."

कुणाच्या अलीकडनं, हे विचारायचे नसते.